आजोळ विचारलंस म्हणून

सेम्बावांग, सिंगापूर
रविवार

प्रिय शिरीष,

पत्राची सुरुवात अशीच करायची असते म्हणून 'प्रिय' लिहिलं आहे. त्याचा आणखी काही अर्थ काढू नकोस. अर्थ काढायची तुला सवय आहे, पगारही त्याचाच मिळतो, म्हणून आधीच सांगून ठेवते. साताऱ्याला मी तुला 'तुम्ही' म्हणत असे आणि 'तू म्हण की' असा तुझा हट्ट असे. आज तो पुरा करते आहे. तेवढ्यावर समाधान मान.

तुझी ईमेल पोचली. तिची सुरुवात 'मिनू' अशी आहे. मला मिनू म्हणणारी माणसं आता या जगात उरलेली नाहीत, आणि होती तेव्हाही तू त्यांच्यात नव्हतास. पुढे तू लिहिलं आहेस की इतक्या वर्षांनी नियतीने आपल्याला समोरासमोर आणलं. नियतीने काही केलेलं नाही. जे केलंस ते तू केलंस. काय घडलं ते मी आधी ओळीने लिहिते, कारण तुझ्या एवढ्या लांब ईमेलमध्ये ते ओळीने कुठेच आलेलं नाही.

माझ्या मुलीने, इराने, तुमच्या विद्यापीठात स्कॉटिश साहित्यातल्या पीएच.डी.साठी अर्ज केला. जागा एकच होती, फी आणि राहण्या-खाण्याचा खर्च विद्यापीठ देणार अशी. तिचा विषय, स्कॉटलंडच्या गोद्यांमध्ये आणि जहाजांच्या इंजिनरूममध्ये राबणाऱ्या लोकांनी रचलेल्या कविता. त्या गावोगावच्या छोट्या वर्तमानपत्रांत छापून यायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यात मासे बांधले जायचे. तुमच्या समितीने मुलाखत घेतली. समितीत तू होतास. तुम्ही सगळ्यांनी गुण दिलेत, तिचा पहिला नंबर आला, तसं पत्र आलं. त्यानंतरच्या आठवड्यात तू तिचा होणारा गाइड म्हणून व्हिडिओवर तिच्याशी बोललास. कुठली वर्तमानपत्रं आधी चाळायची वगैरे कामाचं बोलणं झालं. ते संपल्यावर तू इंग्रजी सोडून मराठीत शिरलास आणि विचारलंस, 'तुझं आजोळ कुठलं गं?'

का विचारलंस? तुझ्याकडे आजवर इतर देशांची पोरं शिकून गेली असतील. त्यांच्यापैकी कुणाला कधी आईच्या माहेरचा पत्ता विचारलास? आपल्या लोकांना परदेशात आपलं माणूस भेटलं की पहिल्या पाच मिनिटांत त्याची मुळं उकरल्याशिवाय चैन पडत नाही. इथे मंडळाच्या गणपतीत मी दर वर्षी बघते. हातात प्रसादाची वाटी पडेपर्यंत तुम्ही कुठले, माहेर कुठलं, मग तिथले अमके तुमचे कोण. मीही विचारते, मी काही वेगळी नाही. पण मी कुणाची शिष्यवृत्ती हातात धरून विचारत नाही. इरा बिचारी हरखली. तिच्याशी मराठीत बोलणारं माणूस घराबाहेर भेटत नाही. तिने आनंदाने सांगितलं, आजोळ सातारा, आजोबा कंपाउंडर होते, मारुतीच्या देवळासमोरच्या दवाखान्यात, सगळे त्यांना बापू कंपाउंडर म्हणायचे. त्यावर तू इतका वेळ गप्प राहिलास की तिला नेट गेलं असं वाटलं. 'स्क्रीन फ्रीझ झाली म्हणून मी दोनदा हॅलो हॅलो केलं,' ती मला सांगत होती.

आणि मग तू काय केलंस, तर समितीच्या अध्यक्षबाईंना लिहिलंस की अर्जदार मुलीची आई आणि मी एकेकाळी एंगेज्ड होतो, म्हणून मी हिचा गाइड होऊ शकत नाही. या विषयाला तुमच्याकडे दुसरा गाइड नाही. गाइड नाही तर जागा नाही. अध्यक्षबाईंनी इराला फार सभ्यपणे कळवलं की हा प्रश्न सुटला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला द्यावी लागेल.

ते वाचून ती माझ्याकडे स्वयंपाकघरात आली. मी कांगकोंगची भाजी निवडत होते. फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, 'आई, यू वेअर एंगेज्ड टू माय सुपरवायझर? कोण आहे हा अंकल? सच अ ड्रामा, लाह!' मी म्हटलं, कसला एंगेज्ड, पोहे खाल्ले होते त्याने आमच्याकडे. ती हसली. मी पण हसले. मग ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि मराठीत विचारलं, 'बाबांना माहीत होतं?' इरा माझ्याशी बहुतेक इंग्रजीत बोलते, पण वडिलांचा विषय निघाला की मराठीत येते. ते जाऊन दोन वर्षं झाली, अजून तसंच आहे. त्या एका वाक्यासाठी मी तुला माफ करणार नाही. ज्या पोरीला वडिलांबद्दल कधी कसली शंका आली नव्हती, तिच्या तोंडून तू ते वाक्य काढलंस.

तेव्हा आता एंगेज्डचं बोलू. तू विसरला असशील किंवा तुला हवं तसं आठवत असेल. तू, तुझी आई आणि तुझे मामा आमच्याकडे आलात. पसंती झाली असं मध्यस्थाने येऊन सांगितलं. जोशीबुवांनी पत्रिका बघितल्या, उत्तम जुळतात म्हणाले. पुढचं बोलणं तू स्कॉटलंडहून आल्यावर करू असं तुझ्या मामांनी सांगितलं, कारण तुला तिकडे शिकायला जायची शिष्यवृत्ती लागली होती. याद्या झाल्या नाहीत. सुपारी फुटली नाही. ओटी भरली नाही, अंगठी तर दूरच. जाण्याआधी तू काही वेळा भेटलास, चार भिंतीच्या टेकडीच्या वाटेवर आपण फिरायला गेलो, बरोबर माझी धाकटी बहीण होती आणि ती सारखी भेळ मागत होती. तू मला दोन पुस्तकं दिलीस. मला तू आवडला होतास. हे लपवायचं मला काही कारण नाही, वीस वर्षांची होते आणि तू चांगलं बोलायचास. पण आवडणं हे आपल्याकडे नातं नसतं, तुमच्या समितीकडेही नसावं.

माझे वडील मात्र भोळे होते. मुलाकडून नकार आला नाही म्हणजे होकार, असं ते धरून चालले. आलेली दोन स्थळं त्यांनी परत पाठवली, बोलणं सुरू आहे म्हणून. मी तेव्हा एस.वाय.ला होते. लग्न करून परदेशी जायचंच आहे तर टी.वाय.ची फी कशाला, असं घरात ठरलं आणि माझं कॉलेज बंद झालं. तुला हे माहीत नसणार. तू कधी विचारलं नाहीस आणि मी कळवायचं कुठल्या नात्याने? दवाखान्यात औषध घ्यायला आलेली माणसं बापूंना विचारायची, काय बापू, जावई कधी येणार? बापू गोळ्यांची पुडी बांधत सांगायचे, येतील, अभ्यास फार आहे त्यांना. वर्ष गेलं, त्यावर आणखी काही महिने गेले. तुझ्याकडून हो नाही आणि नाही पण नाही. शेवटी तुझ्या आईने मध्यस्थाकरवी सांगितलं की पत्रिका जुळत नाही, एकनाड निघाली. तीच पत्रिका, तेच जोशीबुवा. आपल्याकडे नाही म्हणायचं तोंड नसलं की पत्रिकेला पुढे करतात हे सगळ्यांना माहीत असतं. बापूंनाही माहीत होतं. तरी ते मध्यस्थाला म्हणाले, 'मुलाने स्वतः दोन ओळी लिहिल्या असत्या तर बरं झालं असतं हो.' बस, एवढंच म्हणाले. पुढे कधी विषय काढला नाही. पण दवाखान्यात कुणी जावयाचं विचारलं की आत औषधाच्या बाटल्या पुसायला जायचे.

मला राग येतो तो याचा की ज्या वेळी 'आमचं लग्न ठरलं आहे' असं तू एकदा उच्चारलं असतंस तर बापूंची मान ताठ राहिली असती, त्या वेळी तो शब्द तुझ्या तोंडून निघाला नाही. आणि आज, ज्यांना सातारा कुठे आहे तेही माहीत नाही अशा चार लोकांना तो तू आपण होऊन लिहून दिलास. तेव्हा त्याची किंमत तुला मोजावी लागली असती. आता ती इराने मोजायची आहे.

तू म्हणशील, मी प्रामाणिकपणा केला. नियम आहे, मी जाहीर केलं. तुमचा नियम मी वाचला. इंग्रजी मला वाचता येतं, तेवढ्यासाठी तरी तुझी गरज लागत नाही. जवळचं नातं, सध्याचं किंवा पूर्वीचं, ज्याने निर्णय पक्षपाती होऊ शकेल, असं त्यात लिहिलं आहे. निर्णय झाला तेव्हा ती कोणाची कोण हे तुला ठाऊक नव्हतं. गुण देऊन झाले होते. तू आजोळ विचारलं नसतंस तर आजही ठाऊक नसतं. मग पक्षपात कशाचा आणि कधीचा? प्रामाणिकपणा दाखवायचा होता तर तुझ्या आयुष्यात त्याला पुष्कळ जागा होत्या. दुसऱ्याच्या पोरीच्या ताटातून तो वाढायला नको होता. मला वाटतं तुला बरं वाटलं असणार. आपल्याही मागे कुणी झुरलं होतं, आपलाही एक भूतकाळ आहे, असं कागदावर बघून.

नाहीतर तू ते पुढचं लिहिलं नसतंस. तू लिहितोस की इराच्या विषयात तुला माझ्या वाचनाची, आणि तू मला दिलेल्या त्या दोन पुस्तकांची, सावली दिसते. शिरीष, ती दोन पुस्तकं मी तुझ्या आईचा निरोप आला तेव्हाच मध्यस्थाच्या हाती परत पाठवली होती. एकाची पानं मी कापलीही नव्हती. मी वाचायला लागले ती लग्नानंतर, जहाजावर. शामकांत तेव्हा सेकंड इंजिनिअर होते आणि बायकोला बरोबर न्यायची परवानगी त्यांना होती. ते इंजिनरूममध्ये, आणि मी केबिनमध्ये एकटी. चारी बाजूंनी पाणी. बंदरात जहाज लागलं की खलाशांच्या मिशनची माणसं जुन्या पुस्तकांची खोकी वर आणून द्यायची. त्यात धर्माची पुस्तकं, फाटक्या रहस्यकथा, कव्हर नसलेल्या कादंबऱ्या, सगळं एकत्र. मी मिळेल ते वाचलं. अडलेला शब्द कागदावर टिपून ठेवायचा, आणि शामकांत वर आले की विचारायचा. त्यांनाही येत नसेल तर ते जेवणाच्या मेसमध्ये सगळ्यांना ओरडून विचारायचे, 'मिसेसला अमुक शब्द अडला आहे, कुणाला येतो का?' मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण शब्द मिळायचा. माझं कॉलेज ते. आता इथल्या वाचनालयातल्या मुली मला नावाने ओळखतात. यात तुझी सावली कुठे पडते ते मला दाखव.

आणि बाबांना माहीत होतं का, तर होतं. शामकांत मला बघायला आले तेव्हा मीच सांगितलं होतं की आधीचं एक बोलणं वर्षभर लटकून मोडलं आहे, गावात चर्चा झाली आहे, नंतर कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून ऐका. ते म्हणाले, 'त्यांचं जहाज बंदरात आलं नाही म्हणून मला बर्थ मिळाला. माझी काही तक्रार नाही.' पुढे आयुष्यभर ते मला चिडवायचे. काही चुकलं की म्हणायचे, तुमच्या स्कॉटलंडवाल्यांनी असं केलं नसतं हां. एकदा आमचं जहाज ग्रेंजमथला लागलं होतं, तुझ्या शहराच्या अगदी जवळ. शामकांत म्हणाले, 'भेटायचं का त्यांना? आपण डबा घेऊन जाऊ. म्हणावं, पोहे राहिले होते तुमच्याकडून खायचे.' मी म्हटलं, मला लोकरीचे मोजे घ्यायचे आहेत, तिकडे चला. दिवसभर पावसात भिजलो, मोजे घेतले, एका दुकानातून मी चार जुनी पुस्तकं घेतली आणि ती यांनी स्वतःच्या कोटाच्या आत धरून जहाजापर्यंत कोरडी आणली. इराला हे सगळं मी त्या दिवशी भाजी बाजूला ठेवून सांगितलं. ती म्हणाली, 'मग बाबा जेलस नव्हते?' मी म्हटलं, त्यांना मत्सर करायला समोर कुणी असावं तर लागतं.

आता विषयाचं. तो कुठून आला ते तुझ्या समितीला तिने अर्जात थोडक्यात सांगितलं आहे, तू वाचलंच असशील. पण ते वाचूनही तुला त्यात स्वतःची सावली दिसली, म्हणून पुन्हा सांगते. शामकांत अगदी नवखे होते तेव्हा त्यांचा चीफ इंजिनिअर स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकचा एक म्हातारा होता, मॅकी म्हणून. शिवराळ, दारुडा, आणि पाठांतर अफाट. जुनी जहाजं. पाइपांवरचं आवरण काढून नवीन बसवायचं काम या पोरांकडे. ते काढताना पांढरी भुकटी उडायची. ही पोरं त्याला बर्फ म्हणायची, एकमेकांच्या डोक्यावर उधळायची. मॅकी लांब उभा राहून एक कविता म्हणायचा, त्याच्या गावच्या कुणा कामगाराने त्याच पांढऱ्या धुळीवर केलेली. त्यातली दोन-तीन कडवी शामकांतना पाठ झाली. इरा लहान असताना तिला झोपवताना ते ती म्हणायचे, त्याच स्कॉटिश हेलात, आणि मग मराठीत अर्थ सांगायचे. तिला ती भुताची गोष्ट वाटायची.

ती अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ तीस वर्षं त्यांच्या छातीत बसून होती. फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कधी गोदीत किंवा जुन्या जहाजांवर काम केलं होतं का? त्या वेळी इरा ट्यूशन सेंटरमध्ये इंग्रजी शिकवत होती. रात्रंदिवस वडिलांजवळ बसायची आणि फोनवर त्या गावांची जुनी वर्तमानपत्रं शोधायची. आता ती सगळी संगणकावर मिळतात. तिला ती कविता सापडली. पूर्ण. तिने ती वाचून दाखवली. शामकांतना माहीत होती त्याहून ती मोठी निघाली. आपली ओळखीची कडवी आली तसे तेही ओठ हलवून म्हणत होते, मग पुढचं आलं तेव्हा गप्प होऊन ऐकलं. ऐकून झाल्यावर हसले. म्हणाले, 'मॅकीने हे शेवटचं कडवं आम्हाला कधी म्हणून दाखवलं नाही. त्याला माहीत होतं बघ.' त्या शेवटच्या कडव्यात काय आहे ते तू इराच्या अर्जात वाचलं आहेस. मी इथे लिहीत नाही.

एवढा तो विषय आहे. तो तिच्या वडिलांचा आहे. त्यात मॅकी आहे, ती पोरं आहेत, ज्यांनी घरी जाऊन मळक्या हातांनी कविता लिहिल्या ती माणसं आहेत. त्यात तू कुठेही नाहीस. त्या सगळ्यांना बाजूला सारून तू मध्ये तुझं नाव लिहिलंस, आणि आता चर्चा चालली आहे ती तुझ्या तरुणपणाची. ती गेल्या शनिवारी म्हणाली, 'मी जात नाही, आई. मी लोकांच्या गिल्टवर किंवा फेव्हरवर शिकणार नाही. इथेच क्वीन्सटाउनला एका ऑफिसात मला जॉब मिळतोय, मी तो घेते.' मी म्हटलं, तू पहिल्या नंबरावर जाते आहेस. ती म्हणाली, तसं आता कोण मानेल? नकाराची ईमेल तिने लिहून ठेवली आहे, अजून पाठवलेली नाही. मी एवढंच मागितलं की शुक्रवारपर्यंत थांब.

ती गेली तर मी एकटी पडेन, हे तू लिहिण्याआधी मीच लिहिते, कारण तुझ्या ईमेलमध्ये त्याचीही काळजी आहे. मी एकटी पडलेलीच आहे. ती घरात असते तरी मी सकाळी दोन कप चहा टाकते आणि एक नंतर ओतून देते. खिडकीतून गोदीच्या क्रेन दिसतात. हे किनाऱ्यावरच्या नोकरीला लागल्यावर तिथूनच मला हात करायचे, मला एवढ्या लांबून काही दिसायचं नाही, पण मीही हात करायची. आता क्रेनकडे बघते आणि भाजी आणायला जाते. दिवस जातो. त्यात तुझी काही मदत होण्यासारखी नाही. डिसेंबरात कसल्याशा परिषदेला तू सिंगापूरला येतो आहेस आणि भेटावं म्हणतोस. नको. यायचंच असेल तर मरीन परेडला समुद्रकाठी उतर, हवा खा आणि तिकडूनच विमानतळावर जा. आमचं सेम्बावांग अगदी दुसऱ्या टोकाला आहे, चुकूनही गाठ पडणार नाही.

इराचा गाइड मात्र तू व्हायचं आहे. मला तू नको असलास तरी तिच्या कामाला हवा आहेस, ते तुझे लेख वाचून तिने मला समजावलं आणि मला ते पटलं. तुझं काम चांगलं आहे. ते मी नाकारत नाही, कारण मला तुझ्यासारखं सोयीने आठवता येत नाही. तिच्याशी कडक वाग. चुकलं तर खोडून टाक, इतरांचं खोडतोस तसंच. तिला माझ्याबद्दल एक शब्द विचारू नकोस, साताऱ्याबद्दल नको, बापूंबद्दल नको. मराठीत बोलायचं झालं तर हवामानावर बोल, तुमच्याकडे ते पुष्कळ आहे.

तुमच्या अध्यक्षबाईंनी मलाही विचारलं होतं. मी इंग्रजीत दोन ओळी कळवल्या, असं काही ठरलं नव्हतं म्हणून. त्यांचं उत्तर आलं की तुमचं म्हणणं आम्ही नोंदवून घेतलं आहे, पण जाहीर त्यांनी केलं आहे, मागेही त्यांनीच घ्यायला हवं, तुमच्या सांगण्याने ते पुसलं जात नाही. शुक्रवारपर्यंत तू ते मागे घेतलंस तर जागा इराची. म्हणून हे पत्र, वेळेत पोचावं म्हणून ईमेलनेच पाठवते आहे. बापूंना तुझ्याकडून दोन ओळी हव्या होत्या. त्या तू लिहिल्या नाहीस आणि बापू त्या न मिळताच गेले. त्या दोन ओळी मला आता हव्या आहेत. मजकूर देते, तुला शोधायला नको: 'मीनाक्षीशी माझं लग्न कधीही ठरलं नव्हतं. मी तिला होकार दिला नव्हता.' दोन्ही वाक्यं खरी आहेत. पत्रिका, आई, मामा, नियती यांपैकी कुणालाही मध्ये आणू नकोस. खाली स्वतःची सही कर आणि शुक्रवारच्या आत समितीला पाठव. इतकी वर्षं गेल्यावर तुझा नकार एकदाचा वेळेवर येऊ दे, आणि तो माझ्या मुलीच्या कामी येऊ दे.

तुझी कुणीही नसलेली,
मीनाक्षी